मान दिली, मान दिला का?

मराठीत माकडाच्या हाती कोलीत असते. उर्दूत त्याच माकडाच्या हाती उस्तरा असतो. उर्दू माध्यमाच्या शाळेत म्हणी शिकवताना आम्ही या दोन्ही म्हणी फळ्यावर शेजारी शेजारी लिहितो आणि मुलांना विचारतो, की दोहोंतला धोका एकच आहे का? एका वर्षी सातवीतला एक मुलगा उभा राहून म्हणाला, "सर, उस्तरा वाईट नाही. माकडाला शिकवलं नाही कुणी, म्हणून." वर्ग खो खो हसला. तो मुलगा आमच्या कसब्यातल्या हज्जामाचा नातू होता आणि हसण्याचे कारण त्याचे उत्तर नव्हते, त्याचे घर होते. हे आम्हाला कळले होते. तरी आम्हीही हसलो आणि पुढची म्हण लिहायला फळ्याकडे वळलो.

त्या हसण्याचा हिशेब आज मांडायचा आहे. प्रश्न दोन आहेत. धारदार वस्तू धरायला हात लायक कशाने होतो? आणि अशा लायक हाताचे आपण काय देणे लागतो? हे प्रश्न आम्हाला कोणत्याही ग्रंथात सापडले नाहीत. दाढी करायला शिकताना सापडले.

वाचकांपैकी कोणी म्हणेल, की दाढी ठेवणाऱ्यांच्या समाजात ही कसली शिकवणी? दाढी किती असावी, हा या लेखाचा विषय नाही. ते आलिमांना विचारावे. आम्हालाही आखूड दाढी आहे. पण दाढी राखणाऱ्यालाही गाल साफ करावे लागतात, ओठावरची मिशी आटोक्यात ठेवावी लागते आणि गळ्यावरचे केस काढावे लागतात. उस्तऱ्याची गरज कोणालाच चुकत नाही. उमरा किंवा हज करून आलेल्यांना विचारा. शेवटी हाजी हज्जामासमोर बसतो, डोके पुढे करतो, आणि त्यानंतर त्याचा एहराम उतरतो.

वयाच्या तिशीपर्यंत आम्ही हे काम स्वतः कधीच केले नव्हते. मशिदीला लागून असलेल्या दुकानात जायचे, खुर्चीत मान मागे टाकायची, डोळे मिटायचे. तिथे जे बसत त्यांना सगळा कसबा खलिफाचाचा म्हणतो. गंमत पाहा, इस्लामी इतिहासातली सर्वांत मोठी पदवी आपण हज्जामाला हाक मारायला वापरतो, आणि ती हाक मारताना आपल्या मनात आदराचा लवलेशही नसतो.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि दुकान बंद झाले. महाराष्ट्रात २८ जून २०२० पासून सलून उघडायला परवानगी मिळाली, पण ती केस कापण्यापुरती होती. दाढीला तेव्हाही मनाई होती. शाळा मोबाइलवर भरत होती आणि आमचा गळा रानासारखा माजला होता. शेवटी अब्बांच्या पेटीतून त्यांच्या जवानीतला पितळी सेफ्टी रेझर काढला. नवे ब्लेड घातले, साबण चोळला आणि गालावरून जोरात ओढले. पहिल्या दिवशी तीन ठिकाणी कापले. दुसऱ्या दिवशी हनुवटीखाली असे कापले, की ईदच्या कुर्त्याला रक्त लागले.

त्याच आठवड्यात जमातीच्या राशनवाटपाची पाकिटे घेऊन आम्ही खलिफाचाचांच्या ओट्यावर गेलो. तीन महिने त्यांच्या घरात कमाईचा एक रुपया आला नव्हता. पाकीट पुढे केले. त्यांनी ते पाहिले, मग आमच्या गळ्यावरची पट्टी पाहिली. म्हणाले, "मास्टर, ख़ैरात नक्को. तुम ट्यूशन लगाव मेरे पास. फीस समझ के लेतूँ."

आयुष्यभर फी घेणाऱ्या माणसाला कोणी फी मागितली होती. आम्ही ओट्याखाली सहा हात अंतरावर स्टूल टाकून बसलो. आठवड्यातून दोन दिवस, असर आणि मगरिबच्या मध्ये, तोंडाला फडके बांधून ही शिकवणी दोन महिने चालली.

पहिले आठ दिवस त्यांनी उस्तऱ्याला हातच लावू दिला नाही. सेफ्टी रेझरनेच सुरुवात करायची, असे त्यांचे म्हणणे. त्याआधी पाणी. सुके केस कडक असतात. कोमट पाण्याने दोन-तीन मिनिटे भिजले, की ते पाणी पितात आणि मऊ होतात. म्हणून आंघोळीनंतरची वेळ उत्तम. मग ब्रश. साबण थेट गालावर चोळायचा नाही. ओल्या ब्रशने वाटीत फेटायचा, थेंब थेंब पाणी घालत, दह्यावरच्या सायीसारखा दाट होईपर्यंत. मोठे बुडबुडे दिसले, की पाणी जास्त झाले. फेस लगेच वाळून चुरचुरला, की पाणी कमी पडले. फेस शोभेसाठी नसतो. धार आणि कातडी यांच्यामध्ये तो ओलावा टिकवतो, घसरण देतो आणि कुठून हात फिरला ते दाखवतो.

मग बोटांनी गाल चाचपायचा. केस कोणत्या बाजूला झुकतात ते शोधायचे. गालावर ते बहुधा खाली जातात, पण गळ्यावर कधी आडवे, कधी वर, कधी भोवऱ्यासारखे. प्रत्येकाचा नकाशा वेगळा. पहिला हात केसांच्या ओघाने. पुन्हा फेस. दुसरा हात आडवा. उलटा हात सवय झाल्यावरच, आणि कातडी नाजूक असेल तर नाहीच. फेस नसलेल्या जागेवर पाते फिरवायचे नाही.

आता कोन. रेझरचे डोके गालावर सपाट टेकवायचे, म्हणजे मूठ गालापासून काटकोनात बाहेर येते. मग मूठ हळूहळू खाली आणायची. पात्याचा केसाला स्पर्श जाणवला, की थांबायचे. हा कोन साधारण ३० अंशांचा असतो. मनगट घट्ट, हात छोटा, इंचभराचा. दुसऱ्या हाताने कातडी ताणलेली. आणि सर्वांत महत्त्वाचे, दाब शून्य. रेझरचे स्वतःचे वजन पुरेसे असते. आम्ही दाबत होतो, म्हणून कापत होते. "ज़ोर नक्को मास्टर," खलिफाचाचा दर दोन मिनिटांनी म्हणत, "उस्तरे कू उसका काम करने देव."

आम्ही बी.एड. केले आहे. अध्यापनशास्त्रात शिकलो, की शिक्षकाने पुढे पुढे करू नये, मुलाला शिकू द्यावे. परीक्षेत हे लिहून चांगले गुण मिळवले. पण दाब काढून घेतल्यावर काम अधिक नीट होते, हे हाताला पहिल्यांदा कळले ते गालावर.

शेवटी थंड पाणी, आणि ओल्या गालावरून तुरटीचा खडा. जिथे झोंबते तिथे आपली चूक झालेली असते. खलिफाचाचा तुरटीला 'परचा' म्हणत. रोज पेपर तपासून मिळतो, मार्क लपवता येत नाहीत.

या सेफ्टी रेझरचा इतिहास आम्ही नंतर वाचला. पात्यापुढे कंगव्यासारखी आड धरून जखम टाळण्याची कल्पना जुनी; १८८० मध्ये अमेरिकेत कँप्फे बंधूंनी तशा रेझरचे पेटंट घेतले होते. पण त्याचे पाते काढून घासावे लागे. किंग कँप जिलेट यांनी पोलादाच्या पातळ पत्र्याचे, दोन्ही बाजूंनी धारेचे आणि बोथट झाले की बदलायचे पाते आणले. १९०३ मध्ये विक्री सुरू झाली, तेव्हा पहिल्या वर्षी अवघे ५१ रेझर आणि १६८ पाती खपली. १५ नोव्हेंबर १९०४ रोजी त्यांना पेटंट मिळाले. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांना असे रेझर देण्यात आले आणि युद्धानंतर ते ती सवय घरी घेऊन गेले. हजारो वर्षे जे काम दुसऱ्याच्या हातात होते ते घरच्या आरशासमोर आले. ना दगडावर घासणे, ना पट्ट्यावर फिरवणे, ना कोणाची वाट पाहणे.

ही मोठी सोय झाली, यात शंका नाही. पण या सोयीचा अर्थ काय? सेफ्टी रेझरमध्ये सावधपणा यंत्रात बसवलेला आहे. पात्याची कड जेमतेम बाहेर, पुढे आड. हाताने चूक केली तरी आड तिला बरीचशी अडवते. उस्तऱ्याला आड नाही. तिथे सावधपणा हातातच असावा लागतो. तो हातात नसेल, तर कुठेच नसतो.

नवव्या दिवशी त्यांनी धोकटी उघडून जुना उस्तरा काढला. मुठीत दुमडणारा, लोखंडी पाठीचा, वडिलांकडून आलेला. आधी त्यांनी तो हवा भरलेल्या फुग्यावर चालवायला लावला. फुग्यावर फेस, फेसावर उस्तरा. फेस निघाला पाहिजे आणि फुगा राहिला पाहिजे. पहिल्या संध्याकाळी आमचे सहा फुगे फुटले. नातू दारात बसून मोजत होता. त्या दिवशी तो हसला नाही, उलट सातवा फुगा स्वतः फुगवून दिला. शाळेतले ते हसणे आम्हाला तिथे आठवले.

मग पट्टा. प्रत्येक दाढीच्या आधी उस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर पंचवीस-तीस वेळा फिरवायचा. पट्टा ताणलेला हवा. ढिला राहिला, तर धार गोल होते. जाताना पाठ पुढे आणि धार मागे. टोकाला पोचल्यावर उस्तरा पाठीवर वळवायचा, धारेवर कधीच नाही. धारेवर वळवला, की पट्टाही कापला जातो आणि धारही जाते. दगड रोज लागत नाही. पट्टा धारेला सरळ करतो, दगड नवी धार काढतो. नीट जपलेल्या उस्तऱ्याला दगड महिन्या-महिन्यांनी लागतो. काम झाल्यावर धुवायचा, कोरडा पुसायचा, तेलाचा हात फिरवायचा. ओला ठेवला, की गंजला.

गालावर पाठ टेकवायची आणि साधारण तिच्या जाडीइतकी उचलायची, हाच कोन. आधी फक्त गाल, दोन आठवडे. बाकी काम सेफ्टी रेझरने. नंतर गळा. हनुवटी सर्वांत शेवटी, कारण तिथे हाड वळते. धारेच्या दिशेने आडवा उस्तरा कधी सरकवायचा नाही; जखम होते ती तशीच. झोप अपुरी असेल, मन रागात असेल, शाळेची घंटा होत आली असेल, तर त्या दिवशी उस्तरा हाती घ्यायचा नाही. "ग़ुस्से में उस्तरा नक्को, ग़ुस्से में फ़ैसला भी नक्को," हे त्यांचे म्हणणे.

इथे आम्हाला एक शब्द आठवला. तक्वा. आपण त्याचा अर्थ परहेजगारी, अल्लाहचे भय असा करतो. पण अरबीत त्या शब्दाच्या मुळाशी राखणे, बचाव करणे हा अर्थ आहे. कायदा म्हणजे बाहेरची आड. ती हवीच, शिकाऊ हाताला आड नसेल, तर रक्तपात होईल. आपल्या समाजात आपण आड पुष्कळ उभारतो. हे करू नका, ते करू नका, अमक्यापासून दूर राहा. पण आड आहे म्हणून हाताने शिकायचेच नाही, असे झाले, तर ज्या दिवशी आड नसेल त्या दिवशी काय? कोणी पाहत नाही, कोणी विचारणार नाही, आणि हाती धार आहे. माणसाची परीक्षा त्या दिवशी होते.

बुखारी शरीफमध्ये हजरत खुबैब (रजि.) यांची हकिगत आहे. ते दगाफटक्याने पकडले गेले आणि मक्केत विकले गेले. ज्यांच्या घरी कैदेत होते त्यांचा बाप बद्रच्या लढाईत खुबैब यांच्या हातून मारला गेला होता. बदला घेण्यासाठी त्यांना मारायचे ठरले होते. मरणाआधी शरीर स्वच्छ करावे, म्हणून त्यांनी त्याच घरातल्या एका स्त्रीकडून उस्तरा मागून घेतला. तिचे लक्ष नसताना तिचे लहान मूल रांगत त्यांच्याजवळ गेले. तिने पाहिले, तर मूल कैद्याच्या मांडीवर आणि कैद्याच्या हाती उस्तरा. तिचा चेहरा भीतीने पालटला. खुबैब यांनी ते ओळखले आणि मी याला मारीन अशी भीती वाटते का, मी असे करणार नाही, असे तिला सांगितले. मूल सुखरूप राहिले. खुबैब मात्र मारले गेले.

या हकिगतीत कसलीही आड नाही. बदला घेण्याचे कारण आहे, संधी आहे, हत्यार आहे आणि गमावण्यासारखे काही उरलेले नाही. तरी हात थांबला. लायक हात असा असतो.

असा हात एकट्यादुकट्याचाच असतो, असेही नाही. १८९० साली मुंबईत नाभिकांनी सभा भरवून विधवांचे केशवपन करणार नाही, असे ठरवले. सत्यशोधक चळवळीत नारायण मेघाजी लोखंडे यांचे नाव या कामाशी जोडले जाते. त्या कामाचे पैसे मिळत होते, समाजाची त्याला मान्यता होती, उलट नकार देण्यातच तोटा होता. तरी हातात वस्तरा धरणाऱ्यांनी सांगितले, की या डोक्यावर तो चालणार नाही. शिकल्यासवरलेल्या अनेकांना जे बोलायला धीर झाला नाही, ते धोकटीवाल्यांनी करून दाखवले.

आणि रोजची गोष्ट घ्या. १९८६ मध्ये भारतात एचआयव्हीची लागण पहिल्यांदा आढळली आणि त्यानंतरच्या काळात एकाच उस्तऱ्याने अनेकांची दाढी करण्याची रीत मागे पडत गेली. हिपॅटायटिस बीचा विषाणू तर शरीराबाहेर सुकलेल्या रक्तात आठवडाभरही तग धरू शकतो. म्हणून खलिफाचाचांच्या दुकानात ब्लेड कागदासकट मधोमध मोडून अर्धे ब्लेड घालायचा उस्तरा आला, आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला नवे पाते. वडिलांचा उस्तरा धोकटीत गेला. तो एकाच माणसाने एकट्यासाठी वापरावा, दुसऱ्याला देऊ नये, हे त्यांनी आम्हाला शपथेसारखे सांगितले. आपण खुर्चीत डोळे मिटून पडलेले असतो. पाते बदलले की नाही, हे फक्त त्याला आणि अल्लाहला माहीत असते. अमानत म्हणतात ती याहून वेगळी काय असते?

वापरलेले पाते कुठे टाकायचे, हाही धडा त्यांनीच दिला. पत्र्याच्या डब्याला फट पाडायची आणि त्यात पाती टाकत जायचे. कचऱ्यात मोकळे पाते टाकायचे नाही. कचरा वेचणाऱ्या बाईच्या बोटांना आड नसते. आम्ही नीतिशिक्षणाचे तास घेतो, पण त्या बोटांचा विचार आमच्या मनात तोवर आला नव्हता.

आता जे सांगायचे टाळत आलो ते सांगतो.

टाळेबंदीच्या चार वर्षे आधी, २०१६ मध्ये, खलिफाचाचांकडून आमच्या घरी पैगाम आला होता. त्यांचा धाकटा मुलगा डी.एड. झालेला, नोकरीला लागलेला, नमाजी, निर्व्यसनी. आमची धाकटी बहीण बारावी झालेली. पैगाम घेऊन आलेल्या बुजुर्गांसमोर अब्बा गप्प राहिले. ते गेल्यावर बैठकीत काका म्हणाले, "हज्जामाच्या घरात मुलगी देणार?" कोणी म्हणाले, "कुफू जुळत नाही." कोणी म्हणाले, "उद्या मेहुण्याच्या दुकानात दाढी करायला बसाल काय?" सगळे हसले. त्या खोलीत बी.एड. झालेले, इक्बालांवर भाषण देणारे, समतेवर निबंध लिहून घेणारे असे एकटे आम्ही होतो. आमच्या हातात सरबताचा ट्रे होता. आम्ही ग्लास वाटले.

नकार कळवला गेला. दुसऱ्याच शुक्रवारी आम्ही त्याच दुकानात गेलो, मान मागे टाकली आणि डोळे मिटले. खलिफाचाचांनी उस्तरा गळ्यावरून फिरवला, एक ओरखडा न उठवता. तुरटी लावली, पैसे घेतले, दुआ दिली.

मराठीत मान हा शब्द दोन्ही लिंगांत चालतो. ती मान आणि तो मान. आम्ही दर आठवड्याला त्यांच्या हाती मान देत होतो. मान देत नव्हतो. जगात आपला गळा आपण किती जणांच्या धारेखाली बिनधास्त ठेवतो? आईबापाच्याही नाही ठेवत. ज्याच्यावर जिवाचा भरवसा ठेवतो त्याच्या घरी मुलीचा भरवसा ठेवत नाही, यातला तर्क आम्हाला आजही सापडलेला नाही.

कुफूचे म्हणाल, तर हनफी फिकहच्या ग्रंथांत बरोबरीची चर्चा आहे, तिच्यात धंद्याचाही विचार आहे, आणि हज्जाम व विणकर तिथे खालच्या पायरीवर दिसतात, हे खरे. पण धंद्याची ही उतरंड त्या त्या शहराच्या लोकरीतीवर उभी आहे, असे आलिमांनीच सांगितले आहे. लोकरीत बदलते. आणि त्याच्याही आधीची गोष्ट अबू दाऊदच्या हदीससंग्रहात आहे. अबू हिंद (रजि.) हे रक्त काढण्याचे, म्हणजे हिजामाचे काम करत. आपला हज्जाम हा शब्द तिथूनच आला. केस कापणाऱ्याला अरबीत हल्लाक म्हणतात, आपल्याकडे दोन्ही कामे आणि खतनाही एकाच माणसाकडे होती, म्हणून नाव एक झाले. अबू हिंद यांनी पैगंबरांच्या (स.) डोक्यावर हिजामा केला. पैगंबरांनी बनू बयाजा या अन्सारी कबिल्याला सांगितले, की अबू हिंद यांच्याशी सोयरीक करा, मुली द्या आणि मुली घ्या. ज्याच्या पात्याखाली डोके दिले, त्याला त्याच तोंडाने मान दिला. आम्ही मिलादच्या जलशात सीरतवर बोलतो. ही हदीस आम्ही एकदाही सांगितली नव्हती. ठाऊक नव्हती असे नाही.

शिकवणीच्या शेवटच्या दिवशी आम्ही पैगामाचा विषय काढला. माफी मागायचे ठरवून गेलो होतो, पण शब्द घशात अडकले. खलिफाचाचांनी हात पुढे करून दाखवला. बोटे थरथरत होती. म्हणाले, "देखो मास्टर, ये हाथ अब मेरी च दाढ़ी नहीं कर सकता. आज तुम करो. इम्तिहान समझो."

आम्ही फेस केला. त्यांनी हनुवटी वर केली आणि डोळे मिटले. सत्तरी ओलांडलेल्या माणसाचा गळा; सैल कातडी, आत हलणारी नाडी. ज्या घराने त्यांच्या मुलाला हसून नाकारले, त्या घराच्या मुलाच्या हाती त्यांचा स्वतःचा उस्तरा होता. त्यांच्या चेहऱ्यावर भीतीची रेषही नव्हती. आमचा हात मात्र जड झाला होता. कातडी ताणली, पाठ टेकवली, उचलली आणि दाब काढून घेतला. आवाज येतो, कोरा कागद हळू फाडावा तसा. तो येत राहिला. रक्त आले नाही. डोळे उघडून त्यांनी गळ्यावरून तळवा फिरवला आणि म्हणाले, "पास." बहिणीचा विषय त्यांनी काढला नाही. आम्हीही नाही. माफी आजतागायत मागायची राहिली आहे. पण आता वाटते, नुसती तोंडी माफी त्यांच्या किती उपयोगाची?

बहीण दुसरीकडे सुखात आहे, तो तरुणही आपल्या संसारात आहे. गेलेली वेळ परत येत नाही. पण येणारी वेळ येते. आमच्या थोरल्या भावाच्या मुलीसाठी याच बिरादरीतल्या एका घरातून विचारणा झाली आहे. मुलगा शिकलेला आहे आणि बापाच्या दुकानात हातभारही लावतो. मुलीला पसंत आहे. येत्या शव्वालमध्ये आमच्या त्याच खोलीत बैठक बसेल. तेच काका असतील, कुफू हा शब्द निघेल, कोणी तरी विनोद करील. या वेळी ट्रे दुसऱ्या कोणाच्या तरी हातात देऊन आम्ही खाली बसणार आहोत आणि अबू हिंद यांची हदीस आधी सांगणार आहोत. आवाज चढवणार नाही. खलिफाचाचांनी शिकवले आहे, की जोर लावला की जखम होते. पण कोन सोडायचा नसतो.

हे सगळे छापायला देण्याचे कारण एवढेच, की ऐन वेळी आमचा धीर सुटू नये. हा अंक काकांच्या घरीही जातो. आणि वाचकहो, तुमच्याही कसब्यात मशिदीजवळ एखादे दुकान असेल, खुर्ची असेल, तुमची मान तिथे दर आठवड्याला मागे पडत असेल. पुढच्या वेळी डोळे मिटण्याआधी त्या माणसाकडे एकदा नीट पाहा. त्याच्या घरचा पैगाम उद्या तुमच्या दारी आला, तर तुम्ही काय उत्तर द्याल, ते तिथेच, धारेखाली बसून ठरवा.